पहिली वैरण साळूची

आजच्या माणसांपैकी पाचशे वर्षांनी कुणाचं नाव राहील, हा प्रश्न आमच्या शाळेत विचारला तो दिपोटीसाहेबांनी, आणि त्याचं उत्तर दिलं ते ताकाचा तांब्या घेऊन दारात उभ्या असलेल्या ठकूमावशीने.

शाळा म्हणजे देवळाची ओवरी. गाव आंदर मावळातलं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या पाटलांचे नातू अजून आहेत आणि त्यांना राग लवकर येतो. आमचे हे त्या शाळेचे मास्तर. वर्षातून एकदा दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचे. कान्ह्याला गाडीतून उतरायचं, तिथून बैलगाडी, आणि शेवटचा डोंगर पायी. इतकं चालून आलेला साहेब चिडलेला असायचा. पण हे साहेब हौशी होते. पाढे म्हणून झाल्यावर त्यांनी मुलांना हा प्रश्न घातला.

"बादशहाचं!" पहिला मुलगा म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. "लाटसाहेबाचं," दुसरा म्हणाला. "आमच्या आबांचं," असं पाटलांचा नातू म्हणाला. मग मागच्या रांगेतला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "मिठापायी तुरुंगात गेलं, त्यांचं." आमच्या ह्यांचा चेहरा पिठासारखा झाला. साहेब भला माणूस. त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि टोपी काढून पुन्हा घातली.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आमच्या साळूचं."

"कोण साळू?" साहेबांनी विचारलं.

"माजी धाकली जाऊ. मानमोडीत गेली."

मुलं हसली. साहेबही हसले. समजुतीने म्हणाले, "बाई, नाव राहायचं तर मागे काहीतरी ठेवावं लागतं. कार्ल्याच्या लेण्यात बघा. खांबांना देणग्या देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. दोन हजार वर्षं झाली, तशीच आहेत."

"बघितल्यात की. सालाला जाते एकवीरेला. मुंग्या लागल्यावानी दिसत्यात. तुमाला वाचाया येत्यात?"

"मला नाही. पंडितांना येतात."

"मग ते पंडित सकाळी उटून त्यांची नावं घेत्यात का?"

"नावं घेत नाहीत, पण—"

"मी घेते," मावशी म्हणाली. "ताक घ्या. आंबंल."

साहेबांनी ताक घेतलं. मी ओवरीच्या बाहेर कट्ट्यावर बसले होते आणि मला मावशीची लाज वाटत होती. तेव्हा मला तिच्या शेजारी येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तळेगावात वाढलेली, मराठी सहा इयत्ता शिकलेली मास्तरीण मी. अडाणी बाई साहेबापुढे काहीबाही बोलली, एवढंच मला कळलं. पुढे सात वर्षं कुडाच्या एका भिंतीच्या अंतरावर राहून जे कळलं, ते आता सांगते.

ठकूमावशी दिसायला काही खास नव्हती, हेही आधीच सांगून टाकते. बुटकी, रुंद पंजांची, डावा खांदा उजव्याहून वर. कपाळ पांढरं, नवरा तरुणपणीच गेलेला. मिसरीने दात काळे. ती कधी सावकाश चालली असं मला आठवत नाही. तिला कुठंतरी उशीर झालाय, असंच नेहमी वाटायचं. बसून बोलायची तिला सवय नव्हती. उभ्याने, एक पाय उंबऱ्यात ठेवून बोलणार, आणि तुमचं उत्तर निम्मं ऐकून निघून जाणार. कुणी तिच्यासाठी काही केलं तर आभाराचा शब्द नाही. चार दिवसांनी आपल्या ओसरीत मेथीची जुडी नाहीतर खेकडे ठेवलेले दिसायचे. खेकडे मी खात नव्हते हे तिला माहीत होतं. तरी ठेवायची.

घरात दीर भिकाजी, साळू गेल्यावर त्याने केलेली दुसरी बायको यमुना, त्यांची मुलगी काशी आणि धाकटे दोघे. त्याच घराची पडवी आम्हाला राहायला दिली होती. पहिल्याच दिवशी पहाटे मला जाग आली ती जात्याच्या घरघरीने. जातं मोठं, दोघींनी ओढायचं. समोरासमोर ठकूमावशी आणि यमुना, खुंट्यावर चार हात. जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकायचे, त्याला वैरण म्हणतात. दर वैरणीला एक ओवी, आणि मावशीच्या दर ओवीत एक नाव. देवांची नावं झाली की पहिली वैरण ठरलेली होती.

साळूबाई माझी जाऊ, घरोघर पेज नेई
आपुल्या ग व्हटाला, घोट लावायाचा ऱ्हाई

ही ओवी ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाकीच्या सगळ्या ओव्यांत दोन आवाज असायचे, ह्या ओवीत एकच. जातं दोघी ओढत, पण साळूच्या नावाशी यमुना गप्प असायची. सवतीचं नाव रोज पहाटे, तेही सगळ्यात आधी, आणि ते ऐकत आपण जातं ओढायचं! मी यमुनेच्या जागी असते तर खुंटा सोडून उठले असते. ती उठायची नाही. पुढच्या ओवीला तिचा आवाज परत यायचा.

साळूची हकीकत मावशीने मला एका दमात कधी सांगितली नाही. भात निवडताना थोडी, वाटेने चालताना थोडी. पहिली लढाई संपता संपता तापाची साथ आली, तिला लोक मानमोडी म्हणत. गावात घरंच्या घरं आडवी झाली. पाणी द्यायला उभं माणूस उरलं नाही. साळू तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालेली, पोरबाळ नाही. ती रोज मोठ्या हंड्यात तांदळाची पेज शिजवायची आणि कमरेवर घेऊन दारोदार फिरायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतही गेली. तिथे हंडा दाराशी ठेवून परतली नाही, आत जाऊन माणसांच्या तोंडात पेज घातली. भावकीतले जे उठून बसण्याइतके बरे होते त्यांनी लगेच कुरकुर केली, शिवाशिव झाली म्हणून. साळू त्यांनाही पेज देऊन आली.

"मी त्याच पेजंवर उटले," मावशी म्हणाली. "माज्या उशाला तिनं वाटी ठिवली, आन् म्हनली, आक्का, मी जरा पडते. ती पडली ती उटलीच न्हाई. पोचवाया चार मानसं न्हवती, मास्तरीन. दोघांनी न्हेली. धाव्याला कावळा शिवला का न्हाई, ते बघाया बी कोन गेलं न्हाई."

वर्ष व्हायच्या आत भिकाजीने दुसरं लग्न केलं. साळूचं लुगडं कुणाला तरी दिलं गेलं. पोर नाही, फोटो नाही, माहेरी कुणी उरलं नाही. हे सांगून मावशी म्हणायची, "जित्ती व्हती ह्याची निशानी काय? मी. म्या मेल्यावर?" आणि उत्तराची वाट न बघता गोठ्यात जायची.

साळूपासून सुरुवात झाली आणि मग नावं वाढत गेली. सात गावांच्या बाळंतपणांना धावणारी सुईण. पुरात दुसऱ्याचं वासरू काढताना स्वतः वाहून गेलेला गुराखी. बायकोच्या आजारपणात तिची वेणी घालायला शिकलेला एक म्हातारा, ज्याला गाव जन्मभर हसलं. अशी चाळिसेक नावं. दळण जास्त असलं की सगळी व्हायची. थोडं असलं की पहिली आठ-दहा. नाचणी बारीक, दळायला वेळ लागतो, म्हणून नाचणीच्या दिवशी मावशी खुशीत असायची.

तिचे नियम कडक होते. जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नाही. "जित्याचं काय सांगावं? उद्या बिघाडला तर?" आणि ज्याचं नाव घ्यायला दुसरं कुणी आहे, त्याचंही घ्यायचं नाही. ह्या दुसऱ्या नियमावरून पाटलांशी बिनसलं. पाटलांचे वडील वारले तेव्हा पाटलीणबाई स्वतः आल्या. आमच्या मामंजींना ओवीत घ्या म्हणाल्या. मावशी उंबऱ्यात एक पाय ठेवून म्हणाली, "त्यांचा फोटू हाय, वाटंवर धर्मशाळा हाय, तितं नाव कोरलंय. माज्या ओवीत गर्दी नगं." पाटलीणबाई आल्या पावली परत गेल्या. मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. पण पाटलांनी तोंडाने राग काढला, बाकी काही केलं नाही. त्यांनाही कुठेतरी धाक असावा.

आणि मग पाटलांना आयतीच संधी मिळाली. आमच्या गावचा गणू खंडाळ्याला रेल्वेत कामाला होता. कसला गणू! म्हाताऱ्या आईला गावात टाकून गेलेला, दोन दिवाळ्या तोंड दाखवलं नव्हतं. एका पावसाळ्यात लोणावळ्याच्या बाजारातून बातमी आली की घाटात दरड कोसळली, धुक्यात गणू बावटा घेऊन धावला, गाडी थांबवली, आणि स्वतः पाय घसरून दरीत गेला. आईने छाती पिटली. मावशीने तीन दिवस वाट पाहिली, "म्हातारी आई नाव घ्यायला कितीक दिस पुरनार," म्हणाली, आणि चौथ्या पहाटे ओवी आली.

धुकं दाटलं घाटात, गणू बावटा दावितो
लोकांची लेकरं ग, घरी सुकाची लावितो

महिनाभर ही ओवी चालली. यमुनेलाही ती आवडायची. तिचा आवाज तिथे चढायचा. महिन्याने बेंदराच्या दिवशी गणू अंगात नवा सदरा घालून, दात काढत, वेशीतून आत आला. आई भोवळ येऊन पडली. दरीत गेला तो दुसराच गणू निघाला, घाटाखालचा.

गाव आठ दिवस हसलं. पाटील चावडीवर मोठ्याने म्हणाले, "मावशीच्या ओवीत जित्ती मान्सं मरत्यात. आपापल्या जिवाला जपा." मी पण हसले. मावशी मात्र दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भाकऱ्या बांधून गणूच्या दारात उभी राहिली. "चल."

"कुटं?"

"खंडाळ्याला. त्याचं घरदार इचारायचंय. ओवी त्याची, आन् महिनाभर नाव तुजं. हे बरं न्हवं झालं."

"अगं मावशी, तो मेला! त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय न्हवं?"

भर पावसात पन्नाशी उलटलेल्या बाईने त्या धटिंगणाला पुढे घातलं आणि दोन दिवस चालत खंडाळा गाठलं. रेल्वेच्या चाळीत दार दार फिरून त्या गणूच्या सोबत राहणारा माणूस शोधला. बापाचं नाव, घाटाखालचं गाव, आईचं नाव, सगळं विचारून पाठ केलं आणि परत आली. ओवीत एकच शब्द वाढला. गणूच्या जागी गंगूचा गणू झाला. आईच्या नावाने ओळखू यावा म्हणून. आमच्या गणूला ती वाटेत म्हणाली होती, "महिनाभर तुजं नाव चांगल्या मानसांत बसून आलंय. आता त्याला खाली वढू नगंस." गणू सुधारला असं मी म्हणणार नाही, पिणं होतंच. पण दर महिन्याला आईकडे यायला लागला, आणि आला की मावशीच्या दारावरून मान खाली घालून जायचा.

ह्या प्रकारानंतर मला मावशीचं हसू येईनासं झालं. मी ह्यांच्याकडून कोरी वही मागून घेतली आणि तिला म्हटलं, "मावशी, नावं सांग, मी लिहून ठेवते. म्हणजे कधी जायची नाहीत." तिने सांगितली. दोन दुपारी बसून मी सगळ्या ओव्या उतरवल्या. बोरूने, वळणदार अक्षरात. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. चार दिवसांनी ती आली आणि म्हणाली, "वही मीट. आता सांग."

मी सुरुवात केली. साळू, सुईण, गंगूचा गणू… पाच-सहा नावांवर गाडी अडली. गुराख्याचं नाव काही केल्या आठवेना. गंमत म्हणजे वही नव्हती तेव्हा, भिंतीपलीकडून ऐकून ऐकून, ते मला येत होतं.

"लिवलंस म्हनून इसरलीस," मावशी म्हणाली. रागावली नाही, भाकरी करपली तर सांगावं तसं सांगितलं. पुढे आमची लोणावळ्याला बदली झाल्यावर तिथल्या पावसात गळक्या कौलाखाली त्या वहीचं पिठलं झालं. आज मी ही नावं लिहिते आहे ती त्यानंतर भिंतीपलीकडून पुन्हा ऐकून तोंडपाठ केली म्हणून.

आम्हाला तिथे तीन वर्षं झाली असतील, तेव्हा टाकव्याला इंजिनाची पिठाची गिरणी आली. वारा इकडचा असला की तिचं पुक-पुक आमच्या ओवरीपर्यंत ऐकू यायचं. आता जुन्याच्या नावाने गळे काढणाऱ्यांतली मी नाही. माझ्या तळहातांना फोड यायचे. गिरणी आली आणि मला सुटल्यासारखं झालं. पहिल्या आठवड्यात टोपली पाठवणाऱ्यांत मी होते. सगळ्याच बायका तशाच. वर्षभरात गावातली जाती एकेक करून कोपऱ्यात गेली, कुणी त्यावर घागर ठेवली.

मावशीनेही गिरणीला कधी शिव्या दिल्या नाहीत. "बायांच्या हातांचं घट्टं जात्यात तर जाऊंदे," म्हणायची. ती स्वतः मात्र दळत राहिली आणि यमुना तिच्यासमोर बसत राहिली. पण काशी आणि तिच्या वयाच्या पोरी आता गिरणीच्या वाटेवर वाढत होत्या. मावशीकडून ह्या ओव्या पुढे घेणारं कुणी उरलं नव्हतं. एके दिवशी ती माझ्या चुलीपाशी आली आणि चक्क खाली बसली. ती बसलेली पाहून मीच घाबरले.

"मास्तरीन, साळू बुडती गं," ती म्हणाली. "बाकीची पन बुडतील. पर साळू बुडाली तर मी तिला वर जाऊन काय सांगू?"

तिचे डोळे भरलेले मी तेवढ्या एकाच वेळी पाहिले.  ती उठली, पदर खोचला आणि त्या दिवसापासून कामालाच लागली. आधी भातलावणी. चिखलात ओळीने वाकलेल्या बायकांत शिरून ती ओव्या म्हणायची. बायका म्हणत, मावशी, रडगाणं नको, काहीतरी हसायचं म्हण. दोन पावसाळे तिने नेटाने प्रयत्न केला. लावणीत नावं रुजली नाहीत. मग एका उन्हाळ्यात गावात लग्न होतं आणि परसात सवाष्णी हळद दळायला बसल्या होत्या. मावशी लांबून बघत उभी राहिली, आणि धावतच माझ्याकडे आली.

"हळद!" ती म्हणाली. "लगनाची हळद कुनी गिरनीत न्हेती का?"

कुणी नेत नव्हतं. जात्याला हळदकुंकू लावायचं, खुंट्याला सुपारी आणि आंब्याचा पाला बांधायचा, पाच सवाष्णींनी खुंटा धरायचा, देवांच्या ओव्या म्हणायच्या आणि हळद दळायची. त्याशिवाय लग्न उभं राहत नाही. गावोगाव गिरण्या आल्या तरी ते जातं फिरणारच. त्या ओव्यांत साळूचं नाव एकदा बसलं की पोरीसोरी ते ऐकत वाढणार, आपल्या सासरी नेणार. मावशीने बरोबर जागा हेरली होती.

अडचण एवढीच, की ती स्वतः विधवा. हळदीच्या जात्याला तिचा हात चालत नव्हता. सगळ्या मावळात सगळ्यात जास्त ओव्या जिला येत होत्या, तिने मांडवाबाहेर उभं राहायचं, आणि नाव दुसरीने घ्यायचं. ती घरोघर फिरली. भावकीतली सगळ्यात मोठी बाई म्हणजे गोदाआत्या. तिने सरळ उडवून लावलं.

"लगनात वांझंचं नाव? येड लागलं का, ठके?"

"साळू सवाशीन गेली," मावशी म्हणाली. "कपाळावर कुकू घिऊन गेली. तिच्याइतकी अहेव कोन हाय सांग. आन् आत्या, तुजी पोरं जगली ती कुनाच्या पेजंवर?"

"आन् त्याच हातानं ती गावाभायेर शिवून आली," आत्या म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

त्या उन्हाळ्यात तीन लग्नं झाली. मावशी तिन्ही मांडवांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिन्हीकडे देवांची नावं झाली, हळद दळून झाली, बायका उठल्या. साळू कुठेच नव्हती.

चौथं लग्न दुसऱ्या वर्षी, घरातलंच. यमुनेच्या काशीचं. आत्या जातं मांडून देणार, आणि यमुना मुलीची आई म्हणून खुंट्याला पहिली. आदल्या दिवशी मावशी माझ्याकडे आली. ह्यांची लोणावळ्याच्या शाळेत बदली झाली होती, सामान पुढे गेलं होतं, हळद झाली की दुपारच्या बैलगाडीने मी निघणार होते.

"उद्या तू खुंट्याला हायेस," ती म्हणाली. "सवाशीन हायेस. तू घे तिचं नाव."

"यमुनेला का सांगत नाहीस?" मी विचारलं.

मावशीने उंबऱ्यातला पाय मागे घेतला. "बावीस वरसं तिनं रोज ऐकलंय. मी तिच्या मनाचा इचार न करता म्हनत ऱ्हायले. आता तिच्या लेकीच्या हळदीला म्हन म्हनून कुठल्या तोंडानं सांगू?"

मी घेईन म्हटलं. अगदी हातावर हात मारून म्हटलं.

सकाळी जातं मांडलं. पाच जणींनी खुंटा धरला. यमुना, आत्याची सून, दोघी भावकीतल्या आणि मी. जवळच आत्या मांडी घालून बसलेली. मागच्या दारातून गोठा दिसत होता, आणि गोठ्याच्या दारात मावशीचा वर उचललेला डावा खांदा. गणपतीची ओवी झाली, एकवीरेची झाली, गावच्या देवाची झाली. आता माझी वेळ. आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिला कुणकुण लागली असावी. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडातून आवाज फुटेना. परक्या गावची, आज जाणारी बाई, भरल्या मांडवात अपशकुन केलास म्हणतील, ही भीती मला बसली. जातं एक फेरा फिरलं, दुसरा फिरला. मी खाली हळकुंडांकडे बघत राहिले. मला आजही त्या दोन फेऱ्यांची शरम वाटते.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. ह्या जागेवर जो आवाज मी सात वर्षांत कधी ऐकला नव्हता, तो.

साळू थोरली ग माझी, तिच्या उंबऱ्यात आले
तिचं कुकू माझ्या माथी, तवा लेकराची झाले

ओवी मावशीची नव्हती. यमुनेची स्वतःची होती. केव्हापासून तिने ती मनात तयार ठेवली होती, देव जाणे. तिने मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी नाकावरून हळदीत पडत होतं आणि हात फिरत होते.  सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याचा जबडा दोनदा हलला, मग ती म्हणाली, "बघताय काय? वैरन घाला. जातं रिकामं फिरतंय."

यमुनेने वैरण घातली आणि पुन्हा तीच ओवी घेतली. ह्या वेळी मागे चार आवाज होते. त्यात माझाही होता.

हळद झाल्याबरोबर मी गोठ्याकडे धावले. मावशी तिथे रडत बसली असेल असं मला वाटलं होतं. ती भाकरीचं दळण टोपलीत भरत होती, पंगतीला लागणारं, पुरं पायलीभर.

"मावशी, मी… माझं तोंड…"

"ऐकलं. न्हाई उगाडलं तुजं त्वांड." तिने टोपलीवर फडकं बांधलं. मग माझ्याकडे बघून हसली. मिसरीचे सगळे दात दिसले. "बरं झालं न्हाई उगाडलं ते."

मी वाकून नमस्कार करायला गेले, तर तिने मला टोपलीला हात लावायला सांगितला. दोघींनी मिळून ती तिच्या डोक्यावर चढवली. मला वाटलं, जातं हळदीला गुंतलंय म्हणून दुसऱ्या घरी दळायला निघाली असेल.

"कुठं चाललीस?" मी विचारलं.

"टाकव्याला," ती म्हणाली. "गिरनीत टाकून येते. आता माजं काय आडलंय?"

बांधावरून ती गेली ती तशीच माझ्या डोळ्यांपुढे आहे. डोक्यावर टोपली, डावा खांदा वर, हात मोकळे. जन्मात पहिल्यांदाच ती गिरणीच्या वाटेला लागली होती, आणि नेहमीसारखीच भराभर चालली होती.